अस्वलाची आई उठली तेव्हा

आमच्या लोकांत कोणी मरत नाही. शरणपूरच्या आमच्या मंडळीत लहानपणापासून मी कितीतरी दफनविधींना उभी राहिले, पण कुणाला कधी ‘मेला’ म्हटलेलं ऐकलं नाही. आमचं माणूस प्रभूमध्ये झोपी जातं. पाळकसाहेब उपासनेत जाहीर करतात ते तसंच, व्हॉट्सअपवर बातमी फिरते ती तशीच, आणि कबरेच्या दगडावर कोरलेलं असतं तेही तेच. मेलं म्हणायचं ते कुत्र्यामांजराला, फार तर भिंतीवरच्या पालीला. लहानपणी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंबद्दल ‘त्या मेल्या’ असं मी एकदा बोलून गेले, तर आईनं पाठीत असा धपाटा घातला की दोन दिवस आठवण राहिली. तेव्हापासून माणसासाठी तो शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता. पुढे तीस वर्षं मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं, आणि त्यांच्याही तोंडून जाऊ दिला नाही. बोलण्यात विश्वास दिसला पाहिजे, असं मी ठासून सांगायची. मला त्या गोष्टीचा गर्व होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माझा धाकटा भाऊ रेल्वेत आहे, इगतपुरीला. मी लग्न केलं नाही. भाऊ, त्याची बायको, त्यांची एकुलती एक मुलगी आणि मी, असे आम्ही आमच्या जुन्या चाळवजा घरात राहत होतो. भावाच्या ड्यूट्या वेड्यावाकड्या, त्यामुळे घर म्हणजे खरं तर आम्ही तिघीच. भावजय माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि माझ्या दसपट हसरी. ‘ताई, तुम्ही देवालासुद्धा शुद्धलेखनाच्या चुका काढाल,’ असं म्हणायची, आणि मला राग यायच्या आत स्वतःच हसायची. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता तिला कावीळ झाली. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. मी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, नुसतं ‘हं, हं’ म्हणत राहिले.

पोर तेव्हा सात वर्षांची होती, दुसरीत. टेबलाशी बसून दूध पीत होती. तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी तिच्यासमोर खाली बसले, तिचे गुडघे धरले आणि म्हणाले, ‘बाळा, आपली आई प्रभूमध्ये झोपी गेली.’

‘हॉस्पिटलमध्ये?’ तिने विचारलं.

‘हो, हॉस्पिटलमध्येच. पण प्रभूमध्ये.’

तिने थोडा विचार केला आणि उरलेलं दूध पिऊन टाकलं. मला वाटलं, धक्का बसलाय, सावकाश रडेल. ती रडली नाही. दुपारी शवपेटी हॉलमध्ये आणून ठेवली, तेव्हाही नाही. भावजयीला लग्नातली पांढरी साडी नेसवली होती. डोक्याखाली लेसची उशी होती. पोरीने पेटीच्या कडेला हनुवटी टेकवून बराच वेळ पाहिलं, मग माझा पदर ओढून हळूच विचारलं, ‘आत्या, आईच्या पायात चपला का नाहीत?’

‘झोपताना कुणी चपला घालतं का?’ मी म्हणाले. मला तेव्हा वाटलं, किती छान उत्तर सुचलं आपल्याला.

त्यानंतरचे महिने आम्ही दर रविवारी उपासनेनंतर कबरस्तानात जात असू. जानेवारीत भावानं दगड बसवून घेतला. पोरीची शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी वाचन अडखळत. तिने बोट फिरवत दगडावरची अक्षरं लावली, ‘प्रभूमध्ये नि-द्रि-स्त. आत्या, निद्रिस्त म्हणजे?’ मी म्हणाले, ‘झोपलेली.’ तिने मान हलवली. तिथे ती नेहमी कुजबुजत बोलायची. बाजूच्या कबरीपाशी कुणी मोठ्यानं बोलायला लागलं, की ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे बघायची. लोकांना कौतुक वाटायचं. एवढीशी पोर आणि केवढी समज, असं येता जाता लोक मला ऐकवायचे. मी म्हणायची, घरचं वळण आहे. हसरेपणा तिने आईचा घेतला आणि समज माझी घेतली, असं मला मनातल्या मनात वाटायचं. एक मात्र खटकायचं, की ती आईसाठी रडत नाही. भावाला मी एकदा तसं म्हणालेही. तो म्हणाला, ‘नाही रडत तर बरंच आहे ना.’ तो स्वतः न्हाणीघरात नळ सोडून रडायचा.

मार्च महिन्यात मंडळीच्या पंचकमिटीची सभा झाली. आमचे नवे पाळकसाहेब तरुण आहेत, उत्साही आहेत. त्यांनी एक टूम काढली. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, दुपारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या कुटुंबांना एकत्र बसवून एक अॅनिमेशनचा सिनेमा दाखवायचा आणि नंतर त्यावर ख्रिस्ती दृष्टिकोनातून चर्चा घ्यायची. मुलं मोबाइलवर वाट्टेल ते बघतात. ते थांबवता येत नसेल, तर निदान बघायचं कसं ते तरी आईबापांनी शिकावं, असं त्यांचं म्हणणं. कमिटीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी लगेच हरकत घेतली, ‘त्यात जनावरं बोलतात.’ पाळकसाहेब म्हणाले, आपल्या पवित्र शास्त्रातसुद्धा एक गाढवी बोलली आहे. गृहस्थ म्हणाले, ती देवाच्या आज्ञेनं बोलली, ही कुणाच्या आज्ञेनं बोलतात? अर्धा तास या गाढवीवर गेला. शेवटी असं ठरलं, की कुणीतरी जबाबदार माणसानं सिनेमा आधी बघावा, आक्षेपार्ह काही नाही याची खात्री करावी आणि चर्चेचे प्रश्न काढावेत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला कार्टूनची मनापासून चीड. पण काम अंगावर आलं की ते चोख करायचं, ही माझी खोड आहे. भावाच्या लॅपटॉपवर दुपारच्या वेळी, पोर शाळेत असताना, मी वही घेऊन तो सिनेमा बघायला बसले. परदेशी होता, हिंदीत डब केलेला. एक अस्वलीण आणि तिचं पिल्लू. थंडी येते, अस्वलीण गुहेत जाऊन झोपते, गुहेचं तोंड बर्फानं बुजून जातं. पिल्लाला मात्र झोप येत नाही. ते आईला हलवतं, कान चावतं, ती उठत नाही. मग ते एकटंच बाहेर पडतं, एका लंगड्या करकोच्याशी त्याची मैत्री होते, वादळ येतं, लांडगे येतात, जे काय व्हायचं ते होतं. शेवटी बर्फ वितळतो, उन्हाची एक तिरीप गुहेत शिरते, हळूहळू सरकत अस्वलिणीच्या नाकावर येते, आणि ती शिंकून जागी होते. उठल्या उठल्या म्हणते, ‘भूक लगी है.’

मी वही मिटली आणि अक्षरशः टाळी वाजवली. पुनरुत्थानाच्या आधीचा रविवार, आणि हा सिनेमा! गुहा म्हणजे कबर, बर्फ म्हणजे कबरेच्या तोंडावरची धोंड, हिवाळा म्हणजे मरण, वसंत म्हणजे पुनरुत्थान. सगळं जागच्या जागी बसत होतं. मला तर घबाडच सापडलं. दोन बारीक हरकतीही मी लिहून ठेवल्या, त्याशिवाय माझं समाधान होत नाही. एक, आईला नुसतं ऊन उठवतं, ऊन कोणी निर्माण केलं याचा उल्लेख नाही. दोन, करकोचा उद्धट बोलतो. मग बारा प्रश्न काढले, सुवाच्य अक्षरात लिहिले आणि चाळीस झेरॉक्स मारून आणल्या. त्या सगळ्या खटाटोपात माझ्या घरात एक पोर आहे आणि तिची आई मातीखाली आहे, हे मला एकदाही आठवलं नाही. हे वाचून कुणाला खोटं वाटेल. पण अर्थ सापडल्याच्या आनंदात माणूस किती आंधळं होतं, ते मी स्वतःवरून सांगते.

झावळ्यांच्या रविवारी हॉल गच्च भरला. ऊन मी म्हणत होतं, पंखे नुसताच आवाज करत होते. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं, भिंतीवर पांढरी चादर ताणलेली. पोर पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. सिनेमाभर मी तिच्याकडे नाही, मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. अस्वलीण शिंकली तेव्हा मुलं जागेवर उड्या मारायला लागली.

चर्चा झकास रंगली. हिवाळ्यात सगळं कसं दिसत होतं, या पहिल्या प्रश्नाला एका बाईंनी ‘मेल्यासारखं’ असं उत्तर दिलं, मी ते ‘निर्जीव’ असं दुरुस्त केलं. गुहेवरून कुणाला काय आठवतं, हे विचारताच चार हात वर झाले. ज्येष्ठ गृहस्थांनी जनावरांना आत्मा नसतो, सबब त्यांना पुनरुत्थान लागू नाही, असा मुद्दा मांडला. पाळकसाहेबांनी त्यांना सांभाळून घेतलं, हे फक्त चित्र आहे, खरी गोष्ट आपली आहे. मग मी माझा आवडता प्रश्न घेतला. ‘आई उठली तेव्हा पिल्लाला काय वाटलं असेल?’

पोरीनं हात वर केला. ‘तिला भूक लागली होती,’ ती म्हणाली. सगळे हसले. मी म्हणाले, ‘बरोबर, पण पिल्लाला काय वाटलं?’ त्यावर ती म्हणाली, ‘आपल्याकडे कधी उठतात?’

‘कोण?’

‘झोपलेली माणसं.’

 बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला गहिवरून आलं. एवढ्या लहान तोंडून विश्वासाचा केवढा मोठा प्रश्न! मी म्हणाले, ‘प्रभू येईल तेव्हा सगळी उठतील, बाळा.’ ‘पण कधी?’ तिने पुन्हा विचारलं. इतक्यात बाजूचा एक मुलगा ओरडला, ‘ईस्टरला! पुढच्या रविवारी!’

आता इथे थांबून दोन वाक्यं सांगायची होती. ईस्टरला प्रभू उठला, आपली माणसं शेवटच्या दिवशी उठतील, तो दिवस कुणालाच माहीत नाही. रविवारच्या शाळेत इतकी वर्षं हेच शिकवत आले होते. पण सगळ्यांचे डोळे भरले होते, पाळकसाहेब ‘आमेन’ म्हणाले होते, कुणीतरी टाळी सुरू केली होती. एवढी सुंदर झालेली चर्चा कशाला मोडायची? मी त्या मुलाला म्हणाले, ‘शाब्बास.’ पोर माझ्याकडे बघत होती. माझी ती शाबासकी तिने ऐकली.

तो आठवडा ती फार आनंदात होती. इतकी, की भावाला मी फोनवर सांगितलं, सिनेमाचा मुलांवर उत्तम परिणाम होतो, मी उगाच विरोधात होते. गुरुवारी तिने मला आईचा निळा गाऊन धुवायला लावला. मी विचारलं, कशाला? ‘वास येतो त्याला, कपाटाचा,’ ती म्हणाली. मी म्हटलं, आईची आठवण येतेय, धुऊन देऊ या. शुभ शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेत ती चुळबुळ न करता बसली. शनिवारी तिने शिरा करायचा हट्ट धरला, बदाम घालून, भावजयीला आवडायचा तसा. मी केला. ‘पप्पांना सुट्टी आहे ना उद्या?’ तिने विचारलं. मी म्हणाले, रात्रपाळी आहे, सकाळच्या गाडीनं येतील. ‘उशीर नको व्हायला,’ ती म्हणाली. एवढं सगळं डोळ्यांसमोर होत होतं. मी शेजारणीला सांगत होते, आमच्या पोरीला ईस्टरचा अर्थ कळलाय.

आमच्यात ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात होते. सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणत तिथे जाते, गंगापूरकडच्या मळ्यांतून आलेली शेवंती आणि निशिगंध कबरींवर वाहते. पाळकसाहेब मधल्या चौथऱ्यावर उभं राहून छोटा संदेश देतात. उजाडता उजाडता शेवटचं गीत होतं आणि लोक हॉलमध्ये नाश्त्याला जातात. त्या दिवशी पोर शाळेचं दप्तर पाठीला लावून आली होती. मी म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, ‘लागेल.’ सणासुदीला कटकट नको म्हणून मी पुढे बोलले नाही.

गीत संपलं, लोक एकमेकांना सलाम करत पांगायला लागले. मी दोन-तीन ओळखीच्यांशी बोलून आमच्या कबरीपाशी आले. पोर तिथे बसली होती. तिने दप्तर उघडलं होतं. निळा गाऊन घडी घालून दगडावर ठेवला होता. डब्यात शिरा होता, झाकण काढून चमचा खोचलेला. आणि कबरीच्या पायथ्याशी भावजयीच्या तपकिरी चपला, पाय सरकवता येतील अशा, बाहेरच्या बाजूला तोंड करून.

‘इथे काटे आहेत ना,’ तिने मला समजावून सांगितलं.

मला तेव्हा कळलं. एका क्षणात सगळं कळलं, हॉस्पिटल, उशी, दगडावरचं बोट, तिचं ते कुजबुजणं. सहा महिने ही पोर तिथे बोलताना आवाज खाली ठेवत होती, आईची झोपमोड होऊ नये म्हणून.  मी तिच्याशेजारी मातीत बसले.

‘चल, नाश्त्याला जाऊ या,’ मी म्हणाले. एवढंच सुचलं.

‘थांब. अजून ऊन आलं नाही.’

कबरीवर कडुनिंबाची सावली होती. ऊन मागच्या रांगेतल्या दगडांवर पोचलं होतं. ते आमच्यापर्यंत यायला अर्धा तास तरी लागणार होता. आणि मी बसून राहिले. तो अर्धा तास मी कशी बसले, मला सांगता येत नाही.  मी मनात प्रार्थना करून पाहिली, पण प्रार्थनेत मागायचं काय? ऊन थांबव म्हणून मागू, की तिला उठव म्हणून? माझ्या मनात, या पंचावन्न वर्षांच्या बाईच्या मनात, क्षणभर खरंच आलं, की उठलीच तर? मग मला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त त्या लाजेची लाज वाटली. जे मी जन्मभर शिकवलं, ते घडेल असं क्षणभर वाटलं, तर मला शरम का यावी?

रखवालदार गेट लावायला आला. सुरगाण्याकडचा म्हातारा माणूस. त्याने चपला पाहिल्या, डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. ‘बसा बाई, बसा. काय घाई नाय,’ म्हणाला आणि किल्ल्या न वाजवता परत गेला.

ऊन आलं. आधी गाऊनवर, मग दगडावरच्या अक्षरांवर, मग सगळ्या कबरीवर. पोर गुडघ्यांवर उभी राहिली. तिने वाट पाहिली. मग नेहमीच्या आवाजात हाक मारली, ‘आई.’ सहा महिन्यांत पहिल्यांदा ती तिथे मोठ्यानं बोलली. ‘आई, ऊन आलं.’ मग तळहातानं मातीवर थापट्या मारल्या, आपण दारावर मारतो तशा. फुलं बाजूला घरंगळली. ‘आई, ऊठ ना गं.’

मी तिचा हात धरला. आधी मी सगळी योग्य वाक्यं बोलले. शेवटचा दिवस, प्रभूचं येणं, नवं शरीर. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे आज नाही?’

‘आज नाही.’

‘उद्या?’

‘उद्याही नाही.’

‘माझ्या बड्डेला?’

‘नाही, बाळा.’

‘एवढं कोणी झोपत नाही,’ ती म्हणाली.  ‘आत्या, आई झोपलीये ना?’

माझ्या तोंडात जुनंच उत्तर आलं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं, आणि आमच्या सगळ्या मंडळीनं माझी पाठ थोपटली असती. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, ‘नाही गं. आई मेली.’

तिने तो शब्द माझ्याकडून कधी ऐकला नव्हता. ‘मेली म्हणजे? रोडवरचं ते मांजर मेलं होतं तसं?’

‘हो. तसंच.’

मग ती रडली. सहा महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. मला जवळ येऊ देईना, ढकलत होती, चावलीसुद्धा. दमली तेव्हा तिने स्वतःच डब्याचं झाकण लावलं, गाऊन दप्तरात कोंबला आणि चपला हातात घेतल्या. ‘तुला माहीत होतं?’ तिने विचारलं. मी म्हणाले, ‘हो.’ ‘सगळ्यांना माहीत होतं?’ मी म्हणाले, ‘हो, सगळ्यांना.’ ‘मग सगळे असं का म्हणतात?’

मी म्हणाले, ‘तसं म्हणायचं असतं, बाळा.’ माझ्या सगळ्या आयुष्यात याहून वाईट उत्तर मी कुणाला दिलं नसेल.

भाऊ नऊच्या सुमारास आला. मी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो चिडेल असं वाटलं होतं. तो खाली बसून म्हणाला, ‘ताई, मीही तिला फोनवर हेच सांगायचो. आई झोपलीये, त्रास नको देऊ म्हणून.’ पाळकसाहेबांनी नंतर मला समजावलं, की आपण वापरतो ती भाषा आशेची आहे, तिच्यात खोटं काही नाही. मलाही ते पटतं. आजही पटतं. पण आशा मोठ्या माणसांच्या तोंडी असते आणि ऐकणारं पोर तिच्यासाठी चपला घेऊन येतं, याचं काय करायचं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

त्यानंतर पोर रविवारच्या शाळेत यायची, मागे बसायची. जलप्रलयातल्या तारवाची गोष्ट सांगून झाली की हात वर करायची, ‘हे खरं आहे, का तसं म्हणायचं असतं?’ पाच भाकरींत पाच हजार लोक जेवल्याची गोष्ट झाली की पुन्हा तेच. इतर मुलं हसायला लागली, मग ती मुलंही तसंच विचारायला लागली. मी ‘खरं आहे’ म्हणायची, मोठ्यानं म्हणायची. पण ते ऐकताना पोर माझ्या डोळ्यांत काहीतरी शोधत असायची, आणि तिला काय सापडायचं कोण जाणे. घरीही तेच. भाजीत तिखट नाही म्हटलं तरी आधी चमच्याच्या टोकानं चाखून बघायची. मला वाईट वाटायचं, राग यायचा, तिच्यावर ओरडायची, आणि मग त्या ओरडण्याचं वाईट वाटायचं. पुढच्या सिनेमाचे प्रश्न काढायला पाळकसाहेब आले, तेव्हा मी नाही म्हणाले. करड्या आवाजात म्हणाले, ते बिचारे चहाही न घेता गेले.

जूनच्या सुरुवातीला भावाला इगतपुरीत क्वार्टर मिळाली. त्याने पोरीला तिकडच्या शाळेत घालायचं ठरवलं. ‘तुझ्यावर राग नाही, ताई,’ तो दोनदा म्हणाला, ‘माझ्याजवळ राहू दे तिला थोडे दिवस.’ मी म्हणाले, बरोबर आहे, लेक बापाजवळच हवी. मी तिचे कपडे भरले, छत्री भरली, रेनकोट दोन भरले, तिकडे पाऊस फार. निघायच्या दिवशी तिची वेणी घातली आणि तिला माझ्याकडे वळवलं. मी घरात असलं काही बोलणारी बाई नाही. जेवलीस का, अभ्यास झाला का, एवढंच माझं बोलणं. पण त्या दिवशी मी म्हणाले, ‘तुझ्यावर माझा फार जीव आहे गं.’

‘खरंच? का तसं म्हणायचं असतं?’ तिने विचारलं. चेष्टा नव्हती त्यात, कडवटपणाही नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

‘खरंच,’ मी म्हणाले. ‘अगदी खरं.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वळून दाराकडे गेली. ‘पप्पा,’ तिने विचारलं, ‘आत्या खरं बोलतेय का?’ भाऊ उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर करून ‘हो’ म्हटलं, तेव्हा कुठे ती येऊन माझ्या गळ्यात पडली.